दुसऱ्याच्या वाफ्याला हात

८ जानेवारी

धाकटीने अखेर मला घराबाहेर काढलंच. "ताई, तू दिवसभर वर्तमानपत्रातल्या चुका काढतेस आणि त्या मला वाचून दाखवतेस. त्यापेक्षा कुठेतरी जाऊन खरोखरीचं तण उपट," म्हणाली. सारी उमर छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या बाईला हे ऐकावं लागतं. तेही अशा बहिणीकडून, जी अजून वाणसामानाच्या यादीत चार चुका करते.

कुटुंब आधार केंद्र म्हणजे दोन मजली जुनी इमारत. वर समुपदेशनाच्या खोल्या. जी नवराबायको घरी उभ्याने भांडतात, ती इथे येऊन खुर्चीत बसून भांडतात. खाली भेटीची खोली. वेगळ्या झालेल्या आईबापांपैकी ज्याच्या हाती कोर्ट मूल एकट्याने देत नाही, तो आठवड्यातून एकदा इथे येऊन, केंद्र चालवणाऱ्या मॅडमच्या नजरेखाली, आपल्या मुलाला तासभर भेटतो. खोलीत एक सोफा, चाक निखळलेली आगगाडी आणि भिंतीवर रंगवलेला हसरा सूर्य. इतका वाईट हसणारा सूर्य मी आजवर पाहिला नव्हता.

मागे पडीक जागा आहे. तिथे मॅडमना बाग करायची आहे. "कुटुंबांना मिळून काहीतरी करता येईल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मिळून करता येत असतं तर इथे आली असती का?" त्या हसल्या आणि मागच्या दाराची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. हे काही उत्तर नव्हे. पण किल्ली घेतली.

११ जानेवारी

पडीक जागेतून निघालं ते असं: विटांचे तुकडे, बाटल्या, एक सायकलचं चाक, एक अख्खं वॉशबेसिन. मदतीला केंद्रातल्या दोनतीन आया आणि एक निवृत्त बस कंडक्टर. तो नातवाला भेटायला यायचा. नातू दुसऱ्या गावी गेला तरी याचं येणं सुटलं नाही. प्रत्येक वीट उचलताना "चला, पुढे सरका" म्हणतो आणि स्वतःच हसतो.

मी फळा मागवला आणि नियम लिहिले. नियम पहिला: दुसऱ्याच्या वाफ्याला हात लावायचा नाही. पाण्याचा, तणाचा, कौतुकाचासुद्धा नाही. प्रत्येक कुटुंबाचा वाफा त्याचा. एक माझाही.

कंडक्टर म्हणाला, "बाई, आणि कुणाचं सुकत असेल तर?"

"तर सुकेल. ज्याचं त्याला कळेल."

"बसमध्ये एवढी शिस्त असती तर मी लवकर निवृत्त झालो असतो."

१९ जानेवारी

शनिवार. आज लिफ्टवाल्याला पाहिलं. लिफ्टा दुरुस्त करतो. वेळेवर आला नाही. आला तो कामाच्या कपड्यांत, हातांवर ग्रीस. मुलाला भेटायला यायचं तर माणूस हात धुऊन येतो. मुलगी सात वर्षांची, वरचे-खालचे पुढचे दात पडलेले, फार गंभीर. तो दारातच टाचा जुळवून सलाम ठोकतो आणि म्हणतो, "साहेब, उशीर झाला. एक लिफ्ट मधेच अडकली होती, आत तीन जाड माणसं."

"किती जाड?" तिने विचारलं.

"चौथा मी असतो तर दोर तुटला असता."

आता सगळं केंद्रच तिला साहेब म्हणतं. त्यांना कोपऱ्यातला वाफा दिला.

मॅडम कुणाबद्दल तोंडातून अक्षर काढत नाहीत. कंडक्टर काढतो. या माणसाने मागच्या वर्षी मुलीला "संध्याकाळी आणून सोडतो" म्हणून नेलं आणि तिसऱ्या दिवशी आणलं. मधे बायकोला फोनवर तीनतीन थापा. समुद्र दाखवायला नेली होती म्हणे. तेव्हापासून आईचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. कोर्टाने सांगितलंय: शनिवारचा तास सोडून त्याने केंद्राच्या फाटकात पाऊल टाकायचं नाही. आई बुधवारी समुपदेशनाला येते, दोघांची गाठ पडता कामा नये.

मला त्या आईचं पूर्ण पटलं. थापाड्या माणसाला मी छापखान्यातही उभं करत नसे.

२९ जानेवारी

आज कंडक्टरला सर्वांसमोर माफी मागायला लावली. त्याने एका आईच्या वाफ्याला पाणी घातलं. ती बिचारी तापाने पडलीय, रोपं माना टाकत होती, हे सगळं खरं. पण नियम म्हणजे नियम. त्याने टोपी काढली, चारी दिशांना नमस्कार केला, म्हणाला, "बंधुभगिनींनो, मी पाणी घातलं. पुन्हा घालणार नाही. घातलंच तर बाईंना दिसणार नाही असं घालीन."

सगळे हसले. मी हसले नाही. घरी येऊन धाकटीला सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, तू त्या म्हाताऱ्याला कान धरून उभं केलंस?"

"कान धरायला सांगितलं नव्हतं."

"मोठी उदार झालीस."

२ फेब्रुवारी

लिफ्टवाला आणि साहेब यांनी घेवड्याच्या बिया लावल्या. त्याने तिच्या बोटाने भोकं पाडून घेतली. प्रत्येक बी आत टाकताना ती तिला काहीतरी सांगत होती. मी विचारलं, काय सांगतेस? ती म्हणाली, "ते तिचं आणि माझं आहे."

जाताना मला म्हणाली, "आजी, आता कधी येणार वर?" मी म्हटलं, यायचं तेव्हा येईल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला ह्यातलं काही कळत नाही. खरंच कळत नाही. मी पुस्तकं वाचून बाग करतेय.

६ फेब्रुवारी

सगळ्या वाफ्यांत हिरवं दिसू लागलं. साहेबाचा तेवढा काळाकुट्ट. सोमवारी केंद्राला मदत देणाऱ्या मंडळाची माणसं बाग पाहायला येणार आहेत. मॅडम म्हणाल्या, "बाई, तुमच्यामुळे दाखवण्यासारखं काही झालं." आत शिरल्याबरोबर पहिला दिसतो तो कोपऱ्यातलाच वाफा.

८ फेब्रुवारी

रोपवाटिकेतून टोमॅटोची हातभर उंचीची रोपं आणली. दुपारी बागेत कुणी नव्हतं. कोपऱ्यातला वाफा नीट केला.

साहेब उद्या येईल तेव्हा तिला काहीतरी दिसायला हवं. सात वर्षांच्या पोरीने काळी माती बघून परत जायचं म्हणजे काय.

छापखान्यात आम्ही हेच केलं. चूक दिसली की दुरुस्त करायची. लेखकाला वाटतं आपण आधीपासूनच बरोबर लिहिलं होतं. आपली सही कुठे करायची नसते.

९ फेब्रुवारी

पोरीने किंकाळी फोडली ती आतल्या खोलीपर्यंत गेली. "बाबा, हे एवढं मोठं! घेवडा असा असतो?"

लिफ्टवाल्याने रोपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी झारीत पाणी किती आहे ते बघत होते. त्याने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावल्यासारखं केलं. अगोचरपणा. मग मुलीला म्हणाला, "साहेब, हा घेवडा नाही. हे टोमॅटो. बिया उशीर करत होत्या, म्हणून बाबांनी रोपंच आणून लावली."

"कधी?"

"तू शाळेत होतीस तेव्हा."

तिने त्याच्या कमरेला मिठी मारली. ग्रीस तिच्या गालाला लागलं. माझ्या कामाचं श्रेय सरळ खिशात घातलं त्याने, आणि मला राग यायला हवा होता तितका आला नाही. बरं वाटलं. असो.

११ फेब्रुवारी

मंडळाची माणसं आली. कोपऱ्यातल्या वाफ्यापाशी थांबली. मॅडमनी सांगितलं, हा बापलेकीचा. एका बाईंचे डोळे भरून आले. माझं फार कौतुक झालं. घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "मग, कसं झालं?" मी म्हटलं, उत्तम. ती म्हणाली, "मग चेहरा असा का?" चेहरा काही नव्हता.

१३ फेब्रुवारी

बुधवार. साहेबाची आई आली. औषधाच्या दुकानात काम करते, शांत, प्रत्येक शब्द मोजून बोलणारी. आज मोजला नाही. तिचा आवाज जिन्यावरून खाली येत होता. "मुलगी म्हणते, बाबांनी ती शाळेत असताना येऊन रोपं लावली. म्हणजे तो इथे येतो. शनिवार सोडून येतो. मी बुधवारी येते हे त्याला माहीत आहे. उद्या मुलीच्या शाळेच्या फाटकात उभा राहील, मग मी काय करू?"

मी झारी घेऊन जिन्याखाली उभी होते.

मॅडम खाली आल्या. "बाई, तुम्ही रोज इथे असता. तो मधल्या दिवशी आला होता का?"

मी म्हटलं, "मी पाहिलं नाही."

हे अक्षरशः खरं आहे. मी पाहिलं नाही. मॅडमनी मान हलवली आणि फोन करायला गेल्या. त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, मी आलो नव्हतो. "मग मुलीला तसं का सांगितलंत?" यावर तो गप्प बसला म्हणे.

शनिवारची भेट तूर्त बंद. कोर्टाला कळवणार.

१४ फेब्रुवारी

मिटेल. दोन दिवसांत मिटतं असलं सगळं. तो सांगेल ना, की रोपं मी लावली नाहीत. त्याला ठाऊक आहे कुणी लावली. त्याने सांगितलं की मी हो म्हणेन. स्वतःहून बोलायला मी काय आरोपी आहे?

१६ फेब्रुवारी

शनिवार. लिफ्टवाला फाटकाबाहेर आला होता. आत पाऊल टाकलं नाही. बंद असल्याचं त्याला कळवलं होतं, तरी आला. हात धुतलेले होते. स्वच्छ, नखांपर्यंत. मी वाफ्यांत वाकून बसले, कंबर मोडेस्तोवर वाकून बसले, वर पाहिलं नाही.

कंडक्टर त्याच्याशी बोलून आला. "म्हणतो, साहेबांना सांगा लिफ्ट अडकलीय."

"त्याने ती मोठी थाप मारायलाच नको होती," मी म्हटलं.

"कुठली थाप, बाई?"

"रोपं मी लावली, ही."

कंडक्टरने टोपी मागे सारली. "ती थाप आहे हे तुम्हाला कसं ठाऊक? सगळे तर म्हणतात त्याने लावलीच, आणि चोरून आला."

मी म्हटलं, मला अंदाज आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

२० फेब्रुवारी

साहेब आज आईबरोबर आली. आई वर गेली, ती बागेत. पाणी घातलं नाही. वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून टोमॅटोच्या पानाला नखाने खाचा पाडत होती, एकामागून एक.

मी म्हटलं, "पानाला दुखतं."

"दुखू दे. बाबा खोटं बोलले. आई म्हणते ते चोरून आले म्हणून आता भेटता येत नाही. मला न विचारता रोपं कशाला लावली? मी घेवडा लावला होता." मग जरा वेळाने, "मी जर आईला सांगितलं नसतं तर बंद झालं नसतं ना?"

मी तिला काय म्हणाले? मी म्हणाले, "असं नसतं, बाळ." आणि झारी भरायला गेले. सात वर्षांचं पोर स्वतःला गुन्हेगार समजतंय आणि मी तिला दीड वाक्य दिलं.

२२ फेब्रुवारी

कॉन्व्हेंटात आम्हाला शिकवलं होतं: दोष दिसला की हात वर करायचा. मी सगळ्यांत जास्त वेळा हात वर करणारी मुलगी होते. शेजारणीच्या फ्रॉकची शिलाई उसवली, हात वर. मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं, हात वर. स्वतःसाठी कधी वर केल्याचं आठवत नाही. सिस्टरनी कधी विचारलंही नाही. त्या माझ्या बाबतीत निश्चिंत होत्या.

धाकटी म्हणाली, "ताई, तू जेवत नाहीस."

"पोट बिघडलंय."

"पोट बिघडलं की तू डॉक्टरच्या नावाने शंख करतेस. आज गप्प आहेस. काय केलंस?"

"काय केलंस" म्हणाली. "काय झालं" नव्हे. तिला व्याकरणातलं काही कळत नाही असं मी आयुष्यभर समजत आले.

मी सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

काल दुसरा शनिवार रिकामा गेला.

८ तारखेला मी इथे "वाफा नीट केला" असं लिहिलंय. आत्ता ते पान काढून वाचलं. कुणी लेखकाने असं लिहून दिलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. नीट केला म्हणजे काय केला?

केलं ते असं. खुरप्याने माती वरखाली केली. तेव्हा बिया वर आल्या. त्या मेलेल्या नव्हत्या. फुगून टरटरीत झाल्या होत्या, आणि दोनतीन बियांना पांढरं शेपूट फुटलं होतं. एक बी तळहातावर घेऊन पाहिली. ते शेपूट ओलसर आणि वाकडं होतं. तेव्हा मला पुरतं कळलं होतं की आणखी तीनचार दिवसांत हे वर येणार. पण सोमवारी मंडळ येणार होतं. मी त्या बिया कचऱ्याच्या ढिगावर टाकल्या आणि वर विटांचा चुरा ओढला, दिसू नयेत म्हणून.

मुलीसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत होते. मुलीसाठी करायचं तर चार दिवस थांबायचं होतं. मी कोपऱ्यातला वाफा पाहुण्यांसाठी लावला. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आणि "मी पाहिलं नाही" हे छापखान्यात चाललं असतं. एकही अक्षर चुकीचं नाही.

२७ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं.

काय बोलायचं ते घरून तयार करून गेले होते. चांगलं होतं. खुर्चीत बसल्यावर एवढंच निघालं: "टोमॅटो मी लावले. तो आला नव्हता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "मी जिन्याखाली विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही मीच लावले होते."

"बाई, मी तुमच्या त्या उत्तरावर त्याची भेट थांबवली. त्याच्या नव्हे, तुमच्या. त्याचं बोलणं कुणी धरत नाही, पण तुमचं..." माझ्या मुलीच्या वयाची बाई, मला मुलगी असती तर. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिच्या आईला तुम्ही सांगायचं. मी शेजारी बसेन, पण सांगायचं तुम्ही. आणि बागेची किल्ली सध्या कंडक्टरकाकांकडे द्या."

किल्ली दिली. मला वाटलं कंडक्टर आता चार दिशांना नमस्कार करायला लावेल. लावायला हवा होता. त्याने किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "बाई, तुमच्या वाफ्याला पाणी घालू का? का तोही नियम आहे?"

"घाला," मी म्हटलं, आणि लोकांत रडायचं नाही एवढं कॉन्व्हेंटचं शिक्षण कामी आलं.

६ मार्च

साहेबाच्या आईला सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे तो आला नव्हता."

"नव्हता."

"पण आलो असं मुलीला म्हणाला. फुकटचं. न केलेलं काम आपल्या नावावर घेतलं." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "मी त्याला याच गोष्टीसाठी सोडलं, मारझोडीसाठी नव्हे, दारूसाठी नव्हे. याच्यासाठी. समोरचा खूश होत असेल तर हा काहीही बोलतो. माझं निम्मं आयुष्य त्यातलं खरं काय ते निवडण्यात गेलं. आणि तुम्ही त्याला आयती एक थाप हातात दिलीत."

मी म्हटलं, "माफ करा."

"मला कशाला? गेले तीन आठवडे मी मुलीला सांगतेय की बाबा चोरून आले. म्हणजे यात मीसुद्धा खोटी पडले. तुम्ही एकट्याने आम्हा तिघांना खोटं पाडलंत, आजी." पर्स उचलली. दारात थांबून म्हणाली, "भेटू दे त्यांना. मी कोर्टात हरकत घेणार नाही. पण मुलीला हे मी सांगणार नाही. मी दमलेय सांगून."

१६ मार्च

शनिवार. भेट पुन्हा सुरू. मॅडमनी ठरवलं, मुलीला मी सांगायचं, बापासमोर.

आधी फाटकाजवळ त्याला गाठलं. माफी मागितली. त्याने हात झटकला. "सोडा हो, बाई."

"तुम्हाला ठाऊक होतं. माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेऊन काय करणार होतो? शाळेत होतीस तेव्हा आलो, हे मीच बोललो ना. माझ्या जुन्या थापांचा ढीग केवढा, त्यावर ही एक. वरून म्हातारीवर ढकलतो म्हणाले असते." आणि मग, जरा ओशाळून, "आणि खरं सांगू? बरं वाटलं होतं मला. पोरीने अशी मिठी खूप दिवसांत मारली नव्हती. तुम्ही लावलंत ते बरंच केलंत."

त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. आभार मानले! मी त्याची पोर महिनाभर तोडली, आणि हा माझे आभार मानतो.

साहेब आली. सलाम ठोकला गेला. तिने सलाम घेतला नाही.

मी वाफ्यापाशी तिच्यासमोर खाली बसले. गुडघे वाजले. सांगितलं: टोमॅटो मी लावले. बाबा आले नव्हते. तू आईला सांगितलंस त्यात तुझं काहीही चुकलं नाही.

तिने वाफ्यातली माती बोटाने चाचपली. मग विचारलं, "माझा घेवडा?"

"मी काढून टाकला."

"मेला होता?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. हो म्हटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं.

"नाही. उगवत होता. मी थांबले नाही."

तिने बापाकडे तोंड वळवलं. "मग तुम्ही लावले असं का म्हणालात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं: मीच सांगितलं होतं त्यांना तसं म्हणायला. चोख वाक्य. सगळं जुळवून देणारं. दात आवळून धरले.

"तू इतकी खूश झाली होतीस, साहेब," तो हळू म्हणाला. "मला वाटलं, आपलं म्हणावं."

"पण आपलं नव्हतं."

"नव्हतं."

तिने टोमॅटोकडे बोट केलं. त्यांना पिवळी फुलं आली होती. "हे आजींचे आहेत. ते आजींकडे लावा."

मग त्या दोघांनी एकेक रोप मातीसकट उचलून माझ्या वाफ्यात आणून लावलं. मला हात लावू दिला नाही. कंडक्टर फळ्याजवळ उभा होता. टोपी काढून हातात धरली होती.

नंतर रिकाम्या वाफ्यात नव्या बिया. तिने स्वतःच भोकं पाडली. बियांना ती काही बोलली नाही.

घरी येऊन धाकटीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. "जेव. गेल्या महिन्यात तेरा तारखेला तू झारी घरी घेऊन आली होतीस, पाण्याने भरलेली. सगळा रस्ता. तेव्हाच कळलं काहीतरी झालंय."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. तू पोट म्हणालीस."

२३ मार्च

शनिवारच्या तासाला मी आता बागेत जात नाही. वरच्या खोलीत बसून केंद्राची पत्रकं तपासते. खिडकी मागच्या बाजूला उघडते.

साहेब आली ती बापाकडे न जाता सरळ वाफ्याकडे गेली. बसली, आणि बोटाने एकेक भोक उकरलं. बी बाहेर काढली, उजेडात धरून पाहिली, परत ठेवली. मग पुढचं. सगळ्या बिया. आपल्याच आहेत ना, कुणी बदलल्या नाहीत ना. बाप शेजारी उकिडवा बसून ती उकरेल ती जागा हळूच बुजवत होता.

असं उकरलं तर काही उगवायचं नाही. एवढं तर मलाही कळतं आता.

३० मार्च

आजही. बुधवारीही आईबरोबर आली तेव्हा उकरलं म्हणे, कंडक्टर सांगत होता. "बाई, कोंब मोडताहेत पोरीच्या हाताने. मी सांगू का तिला?"

"ती बापाची आहे. तो बघेल."

"आणि तो नाही बोलला तर?"

"तर नाही उगवणार."

हेच मी ११ जानेवारीलाही म्हटलं होतं, याच आवाजात. तेव्हा मला असं वाटलं नव्हतं, की कुणीतरी नख छातीत घालून उकरतंय.

रोपवाटिकेवरून जाते तेव्हा दुसऱ्या फुटपाथने जाते.

६ एप्रिल

माझ्या वाफ्यात टोमॅटो लागलेत, भरभरून. एकही तोडलेला नाही. धाकटी म्हणते, "आणत का नाहीस? टोमॅटोने काय पाप केलंय?" मी कंडक्टरला सांगितलंय, ज्याला हवे त्याने न्यावेत.

आज खिडकीत होते. न पाहण्याचा निश्चय करून पत्रक तपासत होते आणि एकाच ओळीवर कितीतरी वेळ होते.

साहेब आली. बसली. पहिली जागा उकरली, बी काढली. ती तिने बापापुढे धरली. त्यात काय होतं ते मला वरून दिसत नव्हतं. त्याने मान खाली घातली, दोघांची डोकी एकमेकांना लागली. तो काहीतरी सांगत होता, हात न हलवता, विनोद न करता. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता. तिने बी परत ठेवली आणि स्वतः माती ओढली.

मग तिचं बोट दुसऱ्या जागेवर गेलं. तिथे थांबलं. काय करावं हे तिला ओरडून सांगायला माझी जीभ शिवशिवत होती. सांगणारी मी कोण?

तिने उकरलं नाही. मातीवर नुसता तळहात ठेवला आणि तशीच बसून राहिली. तास संपला तरी. बापाने उठ म्हटलं नाही.